धर्माजींचे अर्धे खवले

१. तोंडाला फेस

रविवारी सकाळी आमच्याकडे उतरलेला प्रज्योत ओरडला तेव्हा मी बंबात लाकडं सारत होतो. नागावला नारळ-सुपारीच्या वाडीत घर असलं की सकाळच्या ओरडण्याचा पहिला अर्थ साप असाच लावायचा असतो. मी काठी घेऊन धावलो. बघतो तर हा पठ्ठ्या अर्ध्या चड्डीवर अंगणात उभा, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मोबाईल आणि तोंडाला फेस.

"गणूदादा! मी पहिला आलो!"

"कशात?"

"खवल्यांत! धर्माजीकाकांचे खवले गेले! रात्रीत!"

मी काठी खाली ठेवली. साप असता तर बरं झालं असतं. साप निदान आपल्या वाटेने निघून जातो.

'गळेकरी' हे इंटरनेटवरचं मंडळ. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतची, पोटासाठी नव्हे तर हौसेसाठी गळ टाकणारी मंडळी तिथे जमतात. वर्षातून एकदा ती प्रत्यक्ष भेटतात आणि ते भेटणं गेली काही वर्षं आमच्या होमस्टेत होतं. मी स्वतः गळाला हात लावत नाही. मासा बाजारात मिळत असताना खडकावर बसून त्याची वाट का पाहायची, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. पण पाहुणे म्हणजे पाहुणे.

या मंडळात अब्रू मोजतात ती खवल्यांत. एखाद्याने प्रश्न विचारला, तुम्ही उत्तर दिलंत, वाचणाऱ्यांना ते आवडलं की ते तुम्हाला खवला देतात. देणाऱ्याचं काही जात नाही. नावडलं तर काटा टोचता येतो, पण काटा टोचला की टोचणाऱ्याचाही एक खवला झडतो. थोडक्यात, तिथे दुस्वास फुकट करता येत नाही. ही सोय आमच्या ग्रामसभेत असती तर बैठक वेळेत संपली असती. भरपूर खवले जमले की माणूस 'नाखवा' होतो आणि मग त्याला दुसऱ्यांच्या पोस्टमध्ये दुरुस्ती करता येते, जास्तीचं पुसता येतं.

आता या खवल्यांनी बाजारात पाव मिळत नाही. पण माणसं काय करतील सांगता येत नाही. पालीचा प्रज्योत लग्नाच्या बायोडाट्यात उंचीच्या खाली आणि पगाराच्या वर खवले लिहितो. एकाने माझ्याकडे खवले दाखवून खोलीभाड्यात सवलत मागितली होती. आणि या सगळ्यांचे मेरुमणी धर्माजीकाका. उरणकडचे मिठागरवाले, आता न्हावा शेव्याच्या बंदरात त्यांचे ट्रेलर चालतात. त्या प्रत्येक ट्रेलरच्या मागे रंगवलंय: 'थोरला नाखवा'.

तोवर धर्माजीकाका पडवीत आले होते. उजव्या अंगठ्याला पट्टी. आदल्या दुपारी रेवदंड्याच्या खाडीत गळ स्वतःच्याच अंगठ्यात घुसवून घेतला होता आणि माझ्या बायकोने, पूनमने, हळद लावून तो असा गुंडाळला होता की त्याचा लहानसा नारळ झाला होता.

"काका, तुमचे निम्मे खवले गेले. नाखवापद पण गेलं," प्रज्योत म्हणाला. त्याने चेहरा दुःखी करायचा प्रयत्न केला, पण फेसामुळे तो जमला नाही.

पाठोपाठ मितेश आला. हा पनवेलचा, मंडळाची वेबसाईट यानेच बनवली. "काका, टेन्शन नको लेना. कालच्या दुपारची कॉपी आहे माझ्याकडे. संध्याकाळी पोपटी भाजायच्या टायमाला सगळं नवीन जागेवर शिफ्ट करायचंच आहे. तेव्हा एक बटन दाबतो, सगळं काल दुपारसारखं. आणि ज्याने केलंय तो सापडला की लाईफटाईम ब्लॉक."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग धर्माजीकाका भलतंच बोलले.

"नको," ते म्हणाले. "गेले तं गेले. खवलेच हायत, सोनं न्हाय."

२. सील शाबूत

"हे त्यांनी म्हटलं?" पूनमने विचारलं. ती नाश्त्याची आंबोळी उलटत होती.

"माझ्यासमोर."

"ज्याने ट्रेलरवर नाखवा रंगवून घेतलाय, त्याने?"

"त्यानेच."

पूनमने आंबोळी ताटात टाकली आणि गॅस बंद केला. मी ओळखलं, आता नाश्त्याचं बाकीचं माझ्याकडे आलं. लग्नाआधी ती न्हावा शेव्याला एका मालवाहतूक कंपनीत होती. कंटेनरमधला माल कमी भरला की तिला बोलवायचे. तिथून तिला एक खोड लागलीय, ती आमच्या संसारातही उतरलीय. डब्यातला लाडू कमी झाला तरी ती आधी झाकण बघते.

"कंटेनरचं सील तुटलेलं असेल तर चोर बाहेरचा," ती म्हणाली. "सील शाबूत आणि माल गायब, तर आधी मालकाला विचारायचं. चला, सील बघू."

मितेश पडवीत लॅपटॉप घेऊन बसला होता. पूनमने त्याला विचारलं, खवले कुठे गेले ते दिसत नाही का?

"नाही ना वहिनी. ती हिस्ट्री मी ठेवतच नाही. जागा खाते." मितेशचं सगळं असंच. त्याच्या घरी कपाट असेल असं मला वाटत नाही. "एवढंच सांगू शकतो, काकांच्याच मोबाईलवरून झालंय. दुसऱ्या कुठल्या फोनवरून कोणी घुसलं असतं तर मला मेल आला असता. नाही आला."

"खवले अंगावरून जातात कसे?"

"दोनच रस्ते. काटे टोचले तर. पण एवढे काटे टोचायला बोट झिजेल. नाहीतर आमिष." एखाद्या प्रश्नाला चांगलं उत्तर मिळावं म्हणून आपले खवले आमिष म्हणून लावता येतात, असं त्याने समजावलं. ते दुसऱ्या संध्याकाळपर्यंत प्रश्नाखाली लटकतात, मग उत्तर देणाऱ्याला मिळतात. आमिष कोणी लावलं आणि किती, ते दिसत नाही. प्रश्नाशेजारी नुसतं गळाच्या आकड्याचं चित्र दिसतं, म्हणजे माणसं तोंड बघून उत्तरं देत नाहीत. "लेकिन काका आमिष कशाला लावतील? त्यांना तर सगळं येतं."

"आणि तुला काय फायदा?" पूनमने सरळ विचारलं.

मितेश दचकला. "वहिनी, मला? काकांचं नाखवापद गेलं तर मलाच ताप. मंडळाचा नेट-खर्च त्यांच्या ऑफिसातून येतो."

मी पूनमला बाजूला घेतलं. माझी चौकशी पूर्ण झाली होती. "उघड आहे," मी म्हणालो. "प्रज्योत. धर्माजीकाकांच्या खोलीतच झोपला होता. काका घोरायला लागले की घराची कौलं हलतात. त्यांचा फोन अंगठ्याने उघडतो. याने झोपलेल्या माणसाचा अंगठा धरला, फोनला लावला, काम फत्ते. आता बायोडाट्यात 'मंडळात पहिला' असं लिहायला मोकळा."

पूनम माझ्याकडे पाहत राहिली. वीस वर्षांच्या संसारानंतर मला ही नजर ओळखता येते.

"कुठला अंगठा?" तिने विचारलं.

३. मांजराला पडलेलं डोकं

कुठला अंगठा, हे लक्षात आल्यावर मी नाश्ता वाढायला निघून गेलो. नारळाएवढ्या पट्टीतला अंगठा कुठलाच फोन ओळखणार नव्हता. अंगठा चालला नाही की फोन आकडे मागतो आणि ते आकडे एकट्या धर्माजीकाकांना ठाऊक.

तरी पूनमने प्रज्योतला बोलावलं. तो आता आंघोळ करून, भांग पाडून आला होता.

"वहिनी, देवाशप्पथ मी नाही. बल्लाळेश्वराची शप्पथ. मी पालीचा आहे, ती शपथ मी खोटी घेणार नाही."

"तू रात्री काही पाहिलंस?"

"काका उठले होते. कॉटवर बसून कानाला इयरफोन लावून काहीतरी ऐकत होते. मी विचारलं, काय ऐकताय? तर म्हणाले, अभंग." प्रज्योत जरा थांबला. "पण वहिनी, अभंग ऐकताना कोणी असं मध्येच 'हा मेला' म्हणून हसतं का? आणि मग नाक पुसत होते."

पूनमने मान डोलावून त्याला नाश्त्याला पाठवलं.

उरल्या येसूबाई. आणि खरं सांगायचं तर मितेशचा, प्रज्योतचा, सगळ्यांचाच संशय मनातून त्यांच्यावर होता, फक्त कोणी तोंडावर बोलत नव्हतं.

येसूबाई गळ टाकत नाहीत. गळ टाकायचे ते त्यांचे यजमान, चांगदेव. गेल्या वर्षी वारले. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून ते मंडळावर आवाजात उत्तरं द्यायचे. उत्तर अचूक असायचं, पण आधी विचारणाऱ्याच्या अकलेचा उद्धार. "अरे शहाण्या, तू मासा पकडतोस का मासा तुला?" अशी सुरुवात. लोक उत्तराचा फायदा घ्यायचे आणि शिवीबद्दल काटा टोचायचे. त्यामुळे सगळ्यांत जास्त कामाची उत्तरं देऊनही चांगदेव नाखवा व्हायचे थोडक्यात राहिले.

आता मितेशने नियम काढला होता: नव्या जागी फक्त नाखव्यांचे आवाज नेणार, बाकीच्यांचे रविवारी संध्याकाळी पुसणार. कारण, अर्थातच, जागा खातात. शनिवारी जेवणाआधी येसूबाई याचसाठी आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याची एक ध्वनिफीत सगळ्यांना ऐकवली. ती ऐन रंगात आली आणि एक सणसणीत शब्द आला, तशी मितेशने घाईघाईने बंद केली. मग येसूबाईंनी हात जोडून विचारलं, एवढ्या एका माणसाचं ठेवाल का?

मी त्यांना म्हणालो होतो, काकी, मी सगळं तुमच्या मोबाईलमध्ये उतरवून देतो. त्या म्हणाल्या, "डब्यात भरलेला आवाज मना नको, बाबा. आजबी कोन पोरगा इचारतं आन् हे त्याला सांगतान. ते चालू र्‍हायला पायजे."

आणि धर्माजीकाका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "नियम म्हंजे नियम. एकाला सूट दिली का दुसरा येतो." चांगदेव आणि त्यांचा अबोला सगळ्या किनाऱ्याला माहीत होता. शेवटच्या दुखण्यातही धर्माजी भेटायला गेले नव्हते. त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही, फक्त वाईट वाटलं.

आता येसूबाई मागच्या अंगणात पोपटीच्या मडक्यात भाजायच्या वालाच्या शेंगा निवडत होत्या. पूनम शेजारी बसून निवडू लागली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होतो.

"काकी, सगळे म्हणतात तुम्ही केलंत."

"म्हनू दे. मना फोन लावता येतो, उचलता येतो, आन् ह्यांचा आवाज लावता येतो. चोरी शिकवली आसती तं ती बी केली आसती, त्या मेल्याची." शेंग कडकन मोडली. "काल जेवताना त्या धर्माजीनं काय केलान् बघितलास ना? तांबोशीचा डोका उचलून माझ्या पानात! एवढा तोंडावर न्हाय बोलायचा आन् वरून डोका वाढायचा. मी मांजराला घातला."

पूनमच्या हातातली शेंग तशीच राहिली.

शनिवारी तांबोशी माशाचं कालवण पूनमनेच केलं होतं आणि डोकं धर्माजीकाकांच्या ताटात तिनेच वाढलं होतं. कारण दरवर्षी ते पहिल्या दिवशी येऊन सांगतात, डोकं माझं. एकदा प्रज्योतने चुकून घेतलं तर ते जेवणावरून उठले होते.

"अहो," पूनम स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "काल ती चांगदेवांची फीत कुठे थांबली होती?"

"शिवीपाशी."

"पुढचं कोणीच ऐकलेलं नाही."

४. शिवीनंतरचं

आम्ही दार लावून ती फीत लावली. प्रश्न अगदी बाळबोध होता, कुठल्यातरी नवख्याने विचारलेला: उघाडीवर जिताडा लागत नाही, काय करू? उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली पाणी सोडायची झडप. जिताडा म्हणजे काय, हे रायगडातल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळणार नाही, तो खावाच लागतो. त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, चांगदेवांचं.

खोकल्यासारखा खरखरीत आवाज आला. "अरे टोणग्या, पानी वसरायला लागला का जा. भरतीला जाऊन काय समुद्राचा मुका घेतोस? जिती कोलबी लाव. आन् थोबाड बंद ठेव..." मग ती शिवी. मग, जे आम्ही ऐकलंच नव्हतं ते:

"आन् आयक. जागा तुना कोनी दाखवली, तं पयल्या माशाचा निम्मा वाटा त्याचा. डोक्याकडचा. शेपटीकडचा न्हाय. आमच्याकडं ही रीत हाय. मी येकाला उघाडी दाखवली, त्यानं जिताडा काढला, फोटू काढला, नाखवा झाला. डोका काय अजून आला न्हाय. मी वाट बघतंय. मासा मोठा व्हता, बहुतेक चालत येत आसंल."

पूनम हसली नाही. मी हसलो, आणि मग माझंही हसू ओसरलं.

तो फोटो मंडळात सगळ्यांना पाठ आहे. धर्माजीकाका, हातात कमरेएवढा जिताडा, खाली ओळ: 'माझा जिताडा, माझी जागा'. त्या एका फोटोवर खवल्यांचा पाऊस पडला होता. धर्माजी नाखवा झाले ते त्याच जिताड्यावर. आणि अबोला सुरू झाला तोही त्याच दिवशी.

"निम्मा वाटा," मी म्हणालो. "निम्मे खवले."

"चोर निम्मे ठेवून जात नाही," पूनम म्हणाली. "निम्मे वाटणारा ठेवतो."

तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. त्या जुन्या, बाळबोध, कोणी फिरून न पाहिलेल्या प्रश्नाशेजारी गळाचा एक लहानसा आकडा लटकत होता. कोणीतरी त्याला आमिष लावलं होतं. उत्तर एकच, म्हणजे खवले जाणार चांगदेवांना. त्यांच्या थोडक्यात राहिलेल्या नाखवापदाला एवढे पुरून उरले असते.

"म्हणजे संध्याकाळी मुदत संपली की..." मी म्हणालो. "अगं मग झालंच की! चांगदेव नाखवा, आवाज राहिला, येसूबाई सुखी. कोणाला काही सांगायला नको. धर्माजीकाकांची पण इज्जत राहिली."

"अहो," पूनम म्हणाली, "मितेश संध्याकाळी बटन दाबणार आहे ना?"

मितेशचं बटन दाबलं की सगळं काल दुपारसारखं होणार. धर्माजींचे खवले धर्माजींकडे. आमिष लावलंच नव्हतं असं. आणि त्याच झटक्यात चांगदेवांचा आवाज पुसला जाणार, कायमचा.

"मितेशला सांग ना, दाबू नको म्हणून!"

"काय कारण सांगू? मालाचा मालक बोलत नाही तोवर तो चोरीचाच माल. आणि मालकाने बोलायचं तर त्याला चारचौघांत सांगावं लागेल की मी बारा गावच्या लोकांसमोर मिरवलेला जिताडा अर्धा दुसऱ्याचा होता." तिने दार उघडलं. "ते मी सांगितलं तर तो वाटा होणार नाही. तो वसुली होईल."

५. मडकं पालथं

मावळतीला वाडीच्या मोकळ्या तुकड्यात पोपटी लागली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला. मडकं पालथं घालून भोवती गवताचा जाळ. एरवी या वेळी गळेकऱ्यांच्या थापांना ऊत येतो. आज जो तो आपापल्या मोबाईलमध्ये होता. येसूबाई एका कडेला, पदर खांद्यावरून ओढून, हातात नवऱ्याचा जुना मोबाईल. सकाळपासून त्यांच्याजवळ कोणी बसलं नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला होता, पण शेंगा मी वाढणार होतो, म्हणून मी गप्प बसलो.

मितेशने लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. "चला, रेडी. वहिनी, चोर मिळाला का?"

"मिळाला," पूनम म्हणाली.

जाळ तडतडला. प्रज्योतने आपोआप हात वर केले.

"प्रज्योत नाही," पूनम म्हणाली. "फोन अंगठ्याने उघडत नव्हता, पट्टी मी बांधलीय. मितेश नाही, मंडळ चालतं ते काकांच्या ऑफिसच्या पैशावर. येसूकाकी नाहीत, त्यांना येत नाही. सील शाबूत आहे. माल निम्मा गेलाय, आणि मालक सकाळपासून एकटाच म्हणतोय, शोधू नका." ती इतकं म्हणून थांबली. धर्माजीकाका जाळाकडे बघत होते. "मी नाव घेणार नाही. मी फक्त एक सांगते. मितेशने बटन दाबलं की गेलेला माल परत येईल. आणि ज्या घरी तो पाठवला होता, तिथून तो कायमचा परत येईल. माल परत यायला नको असेल, तर मालकाने आत्ता बोलावं."

"वहिनी, म्हणजे काय?" मितेशने बोट उचललं. "दाबू का नको?"

मितेशने खांदे उडवले. बोट खाली यायला लागलं.

"थांब रं!"

धर्माजीकाका उठले होते. हा माणूस बंदरातल्या साहेबांशी चढ्या आवाजात बोलतो. आत्ता ते जाळाशी बोलावं तसे बोलले. त्यांनी पट्टीचा अंगठा दुसऱ्या मुठीत धरला.

"न्हाय दाबायचा," ते म्हणाले. "कोनी चोरले न्हाय. मीच लावले. चांगदेवच्या उत्तराला."

प्रज्योतचे वर केलेले हात आता कुठे खाली आले.

"उघाडी त्यानं दाखवली व्हती," धर्माजीकाका म्हणाले. आता सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता येईना. "मना काय ठाव व्हता तिथं जिताडा हाय म्हनून? डोक्याकडचा निम्मा त्याचा व्हता. मी म्हटलो, उद्या देतो. आधी फोटू टाकला. लोकांनी खवले टाकले, टाकले, मी येडा झालो. मग तो मासा घरात संपला. मग लाज वाटली. मग लाजेचा राग आला. राग चांगदेववर काढला, त्याला काटे टोचले. त्यो आजारी पडला तवा दारापर्यंत गेलतो, वयनी. गाडीतून उतरलो न्हाय."

येसूबाईंनी पदर आणखी ओढून घेतला.

"काल चारचौघांत न्हाय बोललो, मग चारचौघांत व्हय कसा बोलू? म्हनून तांबोशीचा डोका दिला तुमच्या पानात. मना वाटला, वयनी समजतील."

"मी मांजराला घातला," येसूबाई म्हणाल्या.

"बघितला मी. म्हनून रात्री सगळी फीत आयकली. त्यो म्हनतो, डोका चालत येत आसंल." धर्माजीकाका हसायला गेले आणि त्यांचा चेहरा भलतीकडेच गेला. "मासा आता कुटून आनू? त्याच माशाचे खवले व्हते. त्यातले निम्मे दिले."

६. दुरुस्ती

जाळ विझत आला होता. मितेशने लॅपटॉप हळूच मिटला, जसा काही तो चावेल. नव्या जागी सामान उद्या हलवू म्हणाला, आज मूड नाही. हे त्याच्या आयुष्यातलं पहिलं काम असावं जे त्याने जागेचा विचार न करता केलं.

येसूबाईंनी काडीने निखारे सारखे केले. मग त्यांनी विचारलं, "निम्मे दिलंस ते ठीक, भावजी. पन कुठले निम्मे? डोक्याकडचे का शेपटीकडचे?"

धर्माजीकाका गोंधळले. "खवल्यांना डोका कुठून आनू, वयनी?"

"मंग वाटा अजून पुरा झाला न्हाय," येसूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या की नाही, अंधुक उजेडात मला कळेना.

तेवढ्यात त्यांच्या हातातला मोबाईल वाजला. त्यांनी तो पूनमपुढे धरला. पूनमने मोठ्याने वाचलं: "अभिनंदन, चांगदेव! तुम्ही आता नाखवा झालात. यापुढे तुम्ही इतरांच्या पोस्टमध्ये दुरुस्ती करू शकता."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायला हव्यात असं सगळ्यांना वाटलं, पण मेलेल्या माणसाला बढती मिळाल्यावर काय करायचं याची रीत आमच्याकडे नाही. प्रज्योतने तेवढी मान खाली घातली.

"दुरुस्ती म्हंजी काय?" येसूबाईंनी विचारलं.

"म्हणजे कोणी चुकीचं लिहिलं असेल तर नाखवा ते बदलतो. किंवा पुसून टाकतो."

"कोनाचाबी?"

"कोणाचंही."

"मना भावजींचा जिताड्याचा फोटू काढून दे."

पूनमने धर्माजींकडे पाहिलं. काकांनी मान हलवली, म्हणजे पुसा, माझी हरकत नाही. पूनमने फोटो काढून दिला. जाळाच्या निखाऱ्यांवर ओणवून येसूबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला. हसरे धर्माजी, कमरेएवढा जिताडा, 'माझा जिताडा, माझी जागा'. मग त्यांनी पूनमला शेजारी बसवून घेतलं आणि एकेक अक्षर विचारत, एका बोटाने, बराच वेळ काहीतरी लिहिलं. आम्ही सगळे मडकं झालं का बघायचं नाटक करत होतो.

धर्माजीकाकांचा मोबाईल वाजला. पट्टीच्या अंगठ्याने तो उघडेना, म्हणून त्यांनी आकडे टाकले. मी त्यांच्या मागेच उभा होतो. फोटो पुसलेला नव्हता. 'माझा जिताडा' तसंच होतं. 'माझी जागा' खोडून तिथे लिहिलं होतं: 'जागा चांगदेवनी दाखवली'.

काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग डाव्या अंगठ्याने, नीट नेम धरून, त्या दुरुस्तीला एक खवला दिला.

"वयनी," ते मोबाईलवरून मान वर न करता म्हणाले, "उद्या सकाळी वसरतीला उघाडीवर जातो. काय लागला तं दुपारपर्यंत तुमच्या दारात आनतो."

"डोक्याकडचा," येसूबाई म्हणाल्या, आणि पालथं मडकं सरळ करून त्यांना पहिल्या शेंगा वाढल्या.